स्तोत्र 145 मधली 'नून'ची ओळ गेली कुठे, आणि हे स्तोत्र मुळात आहे तरी कशाबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे की स्तोत्रसंहितेतलं 145 वं स्तोत्र जुन्या किंग जेम्स बायबलमध्ये काढलं तर 13 वं वचन दोन ओळींत संपतं, आणि न्यू इंटरनॅशनल व्हर्जनमध्ये त्याच 13 व्या वचनाला आणखी दोन ओळी जोडलेल्या दिसतात, मग कुणी गाळल्या का कुणी घुसडल्या? शिवाय हे खरंच दाविदाने लिहिलंय का, आणि ज्यू लोक हेच स्तोत्र रोज तीनदा का म्हणतात. मी हिब्रू शिकवतो, आणि जवळपास प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी दोन बायबलं शेजारी ठेवून हाच प्रश्न घेऊन बसलेला असतो, त्यामुळे जरा ऐसपैस लिहितो. खाली दिलेली भाषांतरं माझी आहेत, छापील मराठी बायबलाशी शब्दन् शब्द जुळणार नाहीत.

आधी रचना बघू, ती कळल्याशिवाय हरवलेल्या ओळीत एवढं काय आहे तेच लक्षात येत नाही. हिब्रूत अक्षरं 22. हे स्तोत्र अक्षरक्रमाने बांधलंय, पहिलं वचन आलेफने सुरू होतं, दुसरं बेतने, तिसरं गिमेलने, असं करत शेवटच्या ताव अक्षरापर्यंत. आपल्याकडे कुणी पहिलं कडवं 'क'ने, दुसरं 'ख'ने, तिसरं 'ग'ने सुरू करून आरती रचली तर जशी होईल तसं. स्तोत्रसंहितेत अशी आणखीही आहेत, 25, 34, 37, 111, 112, आणि 119 तर एकेका अक्षराला आठ आठ वचनं देत जातं. विलापगीताचे पहिले चार अध्यायसुद्धा वर्णमालेवरच बेतलेले आहेत, म्हणजे शहर जळाल्याचा आक्रोशही या लोकांनी अक्षरक्रमाने केला. पाठांतराला सोपं म्हणून असं रचायचे हे सगळेच सांगतात आणि ते बरोबरच आहे, पण मला वाटतं त्यात 'अथपासून इतिपर्यंत सगळं म्हणून झालं, काही बाकी ठेवलं नाही' हाही भाव आहे, आणि या स्तोत्रात तर 'सर्व', 'सर्वांना', 'प्रत्येक' हे इतक्या वेळा येतं की कवीला तेच म्हणायचंय याबद्दल शंका राहत नाही.

तर अक्षरं 22 पण वचनं 21. 13 वं वचन मेमचं, त्यानंतर नून यायला पाहिजे, आणि 14 वं एकदम सामेखने सुरू होतं. नून गायब.

हे काही आजकालच्या अभ्यासकांनी शोधून काढलेलं नाही बरं का. बाबिली तालमुदात, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या (रब्बींच्या) चर्चांच्या मोठ्या ग्रंथात, बेराखोत नावाच्या भागात, तिबेऱ्याचे रब्बी योहानान, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातले, स्वतःच विचारतात की यात नून का नाही. आणि उत्तरही देतात: आमोस संदेष्ट्याचं एक भयंकर वचन नूनने सुरू होतं, 'पडली, पुन्हा उठणार नाही, इस्राएलाची कुमारी', आणि तो अपशकुनी शब्द नको म्हणून दाविदाने नूनची ओळच टाळली. त्यावर दुसरे रब्बी, नहमान बार यित्झाक, म्हणतात की टाळली खरी, पण लगेच पुढच्या ओळीत दाविदाने त्या पडलेलीला हात दिलाच की, कारण सामेखची ओळ आहे 'पडणाऱ्या सर्वांना परमेश्वर सावरतो'. तिथेच आणखी एक गंमत नोंदवलीये, पॅलेस्टाइनमधले लोक आमोसचं ते वाक्य जरा वेगळ्या ठिकाणी थांबून वाचायचे: 'पडली, पण आता पुन्हा पडणार नाही, ऊठ, इस्राएलाच्या कुमारी!' एक विराम इकडचा तिकडे केला आणि शापाचा आशीर्वाद झाला. आमोस दाविदाच्या दोनेकशे वर्षं नंतरचा, मग दाविदाने त्याचं वाक्य कसं टाळलं असं विचारू नका, रब्बींच्या हिशोबात दाविदाला पुढचं दिसत होतं. इतिहासाच्या बाजूने आपल्याला त्यातून एवढंच पक्कं मिळतं की तिसऱ्या शतकात त्यांच्या हातातल्या प्रतींमध्ये नूनची ओळ नव्हती. आणि 1008 च्या सुमाराला लिहून झालेली लेनिनग्राड प्रत, जी संपूर्ण हिब्रू बायबलची आज मिळणारी सगळ्यात जुनी हस्तलिखित प्रत आहे, तिच्यातही नाही. किंग जेम्सवाल्यांनी 1611 मध्ये याच परंपरेतला हिब्रू पाठ वापरला, म्हणून त्यांच्याकडे दोनच ओळी.

पण ग्रीक भाषांतरात, जे ख्रिस्तपूर्व शेवटच्या शतकांतलं आहे, ती ओळ आहे. जुन्या सिरियाक भाषांतरात आहे. लॅटिनमध्ये आहे. आणि मग 1956 मध्ये मृत समुद्राजवळ कुमरानच्या 11 व्या गुहेत बेदुइनांना चामड्याची एक मोठी गुंडाळी सापडली, ती 1961 च्या नोव्हेंबरात जेरुसलेमच्या म्युझियममध्ये जेम्स सँडर्स यांनी उलगडली, 1965 मध्ये छापून आली, आणि तिच्यात चक्क हिब्रूत नूनची ओळ निघाली: 'देव आपल्या शब्दांत विश्वासू आहे, आणि आपल्या सर्व कृतींत कृपाळू.' अक्षराच्या वळणावरून ही गुंडाळी पहिल्या शतकाच्या पूर्वार्धातली धरतात, म्हणजे जेरुसलेमचं मंदिर अजून उभं होतं तेव्हाची. तुमच्या नव्या बायबलमधल्या जादा ओळी इथून आल्या. ग्रीकमध्ये होत्याच, पण हिब्रू पुरावा मिळाल्यावर बहुतेक भाषांतरकारांना धीर आला.

या गुंडाळीचे फोटो आता कुणालाही बघता येतात, आणि ते जवळून बघण्यासारखे आहेत. खालचा भाग कुजून गेलाय, त्यामुळे प्रत्येक रकान्याच्या तळाच्या ओळी गेल्यात. आपलं स्तोत्र 16 व्या रकान्यात सुरू होतं, 7 व्या वचनापर्यंत दिसतं, मग खालचा तुकडाच नाही, आणि 17 व्या रकान्यात एकदम 13 वं वचन येतं. म्हणजे नूनची ओळ नव्या रकान्याच्या वरच्या भागात आली म्हणून वाचली, तळाला असती तर आज आपण अजून भांडत बसलो असतो. दुसरं, देवाचं चार अक्षरी नाव (यहवे, ज्याचं मी 'परमेश्वर' असं भाषांतर करतोय) जिथे जिथे आलंय तिथे लेखकाने ते नेहमीच्या चौकोनी लिपीत न लिहिता जुन्या, राजांच्या काळातल्या हिब्रू वळणात लिहिलंय, त्यामुळे साध्या मजकुरात ते नाव लांबूनही उठून दिसतं. आणि नूनच्या ओळीत ते नाव नाही. तिथे नुसतं 'देव' आहे, साध्या अक्षरात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते. या प्रतीत प्रत्येक वचनानंतर एक पालुपद लिहिलंय: 'परमेश्वर धन्य, आणि त्याचं नाव सदासर्वकाळ धन्य.' दर वेळी पूर्ण लिहिलंय, 'इत्यादी' करून सोडलेलं नाही, चामडं एवढं महाग असून. म्हणजे एकाने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी पालुपद धरायचं. हे स्तोत्र एकट्याने मनात वाचायचं नव्हतं, चारचौघांत मोठ्याने म्हणायचं होतं. नेहमीच्या हिब्रू प्रतीत मथळा आहे 'दाविदाची स्तुती', या प्रतीत आहे 'दाविदाची प्रार्थना', आणि शेवटाला 'हे स्मरणासाठी' असे काही शब्द आहेत, पुढचं तुटलंय.

मग नून मूळची का नंतरची? आजचे बरेचसे भाषांतरकार मूळची धरतात, त्यांचं म्हणणं सरळ आहे की अक्षरक्रमाच्या कवितेत कवी एक अक्षर कशाला सोडेल, नक्कल करणाऱ्याच्याच हातून कधीतरी सुटलं असणार, आणि ग्रीक, सिरियाक, कुमरान असे तीन साक्षीदार आहेत. मला हे पटत नाही. कारण बघा, या ओळीचा दुसरा अर्धा भाग, 'आपल्या सर्व कृतींत कृपाळू', हा 17 व्या वचनात जसाच्या तसा आहे. पहिला शब्द, 'विश्वासू', तोही नूनने सुरू होणारा, 111 व्या स्तोत्रात बरोबर नूनच्याच जागी बसलेला आहे, अनेकवचनात. म्हणजे अर्धं इथून, अर्धं तिथून घेऊन ओळ जुळवणं कुणालाही जमलं असतं. त्यात पुन्हा हे स्तोत्र जिथे तिथे देवाचं ते खास नाव घेतं आणि नेमकी हीच एक ओळ, तीही फक्त हिब्रूत, 'देव' म्हणून भागवते (ग्रीकमध्ये 'प्रभू' आहे, म्हणजे या ओळीचे शब्दही नीट ठरलेले नव्हते). आणि अक्षर सुटणं हा काही गुन्हा नव्हता, 25 व्या आणि 34 व्या स्तोत्रात वाव नाही, आणि दोन्हीकडे शेवटी 'पे' या अक्षराचं एक जादा वचन आहे. शिवाय जे स्तोत्र लोकांना तोंडपाठ होतं त्यातली अक्षराची ओळ नक्कल करताना सुटली आणि कुणाच्याच लक्षात आली नाही हे जरा अवघडच आहे. त्यामुळे माझं मत असं की रिकामी जागा खुपली म्हणून कुणीतरी फार पूर्वीच, ग्रीक भाषांतराच्याही आधी, ती भरून काढली. पण दुसऱ्या बाजूला माझ्याहून मोठी माणसं आहेत हे सांगून ठेवतो, आणि ओळीने अर्थ काही बिघडत नाही, म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावी.

आता खरं सांगू का, नूनच्या नादात लोक त्याच्या बरोब्बर वरच्या तीन ओळी विसरतात आणि स्तोत्राचा जीव तिथे आहे. वचनं 11, 12, 13, अक्षरं काफ, लामेद, मेम. या तीन वचनांत 'राज्य' हा शब्द चार वेळा येतो: तुझ्या राज्याचं वैभव सांगतील, त्याच्या राज्याच्या शोभेचं वैभव लोकांना कळावं, तुझं राज्य हे युगायुगांचं राज्य. आणि ही तीन अक्षरं खालून वर वाचली, मेम, लामेद, काफ, तर 'मेलेख' होतं, म्हणजे राजा. हे मुद्दाम केलंय का योगायोग यावर लेख पडलेत. वर्णमालेत ती अक्षरं ओळीने येतातच, त्यामुळे अक्षरं काही कवीने निवडली नाहीत, पण राज्याचा विषय नेमका तिथेच आणायचं त्याने निवडलं, आणि एवढं मला पुरे आहे. सुरुवातच मुळी 'हे माझ्या देवा, हे राजा, मी तुला उंचावीन' अशी आहे.

आणि आता इतिहास. हे म्हटलं कधी गेलं? मथळ्यात दावीद आहे, आणि संहितेत दाविदाच्या नावावरचं हे शेवटचं स्तोत्र, 138 ते 145 हा त्याच्या नावाचा शेवटचा गट. पण हिब्रूत 'दाविदाचं' याचा अर्थ त्याने रचलेलं, त्याच्यासाठी, त्याच्याबद्दल, त्याच्या नावच्या संग्रहातलं, काहीही होऊ शकतो. त्या काळी दाविदाच्या नावावर किती जमा होत होतं ते बघायचं तर त्याच गुंडाळीच्या शेवटाकडे एक गद्य नोंद आहे, तिच्यात दाविदाच्या स्तोत्रांचा आणि गाण्यांचा मिळून आकडा 4050 दिलाय! भाषेवरून मात्र बहुतेक अभ्यासक हे स्तोत्र पर्शियन काळात टाकतात, म्हणजे दाविदानंतर पाचेकशे वर्षांनी. हिब्रूत अरामी, म्हणजे पर्शियन साम्राज्याची सरकारी भाषा, मिसळलेली दिसते. 14 व्या वचनात 'वाकलेल्यांना उभं करतो' यासाठी जे क्रियापद आहे ते अख्ख्या हिब्रू बायबलमध्ये आणखी दोनच ठिकाणी आहे, एक पुढच्याच 146 व्या स्तोत्रात आणि दुसरं एज्राच्या अरामी भागात. तिथे दारयावेश राजाचा हुकूम आहे की माझी आज्ञा मोडेल त्याच्या घराचा वासा उपसून त्यावर त्याला 'उभा' करा, म्हणजे लटकवा. पर्शियन राजा माणसाला उभा करतो तो असा. आणि तेच क्रियापद घेऊन हा कवी म्हणतो, आमचा राजा वाकलेल्याला उभा करतो. त्याने एज्राचा तो हुकूम वाचला होता असं मी म्हणत नाही, पण त्या काळच्या सरकारी भाषेत तो शब्द कशासाठी चालायचा हे त्याच्या कानावर असणारच.

तो काळ डोळ्यासमोर आणा. 586 च्या सुमाराला बाबेलवाल्यांनी जेरुसलेम जाळलं, राजाला डोळे काढून बेड्या घालून नेलं, आणि दाविदाच्या घराण्यातला राजा त्यानंतर गादीवर बसलाच नाही. 539 मध्ये सायरसने, मराठी बायबलातल्या कोरेशने, बाबेल घेतलं, लोकांना परत जायची मुभा मिळाली, 515 च्या आसपास मंदिर पुन्हा उभं राहिलं, सगळे आकडे अर्थातच ख्रिस्तपूर्व. पण यहूदा आता एका प्रचंड साम्राज्याचा एक छोटा, गरीब प्रांत. राजा दूर शूशनमध्ये, 'राजांचा राजा' म्हणवून घेणारा, आणि इथे फक्त त्याचा कर. नहेम्याच्या पाचव्या अध्यायात लोकांची ओरड आहे ती वाचा, अगदी आपल्या सावकारी काळातली वाटेल: धान्यासाठी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकली, राजाचा कर भरायला कर्ज काढलं, मुलीबाळी गुलामीत गेल्या, आणि आमच्या हातात काही नाही कारण शेतं दुसऱ्यांची झाली. नवव्या अध्यायात प्रार्थनेतच म्हणतात की या जमिनीचं भरघोस पीक आमच्यावर बसवलेल्या राजांकडे जातं.

आता हे डोक्यात ठेवून स्तोत्राची 14, 15, 16 वचनं घ्या. पडणाऱ्या सर्वांना परमेश्वर सावरतो, वाकलेल्या सर्वांना उभं करतो. सर्वांचे डोळे तुझ्याकडे लागलेत, आणि तू त्यांना वेळच्या वेळी अन्न देतोस. तू आपला हात उघडतोस आणि प्रत्येक जिवाला तृप्त करतोस. राज्याचं वैभव सांगून झाल्यावर लगेच हे. कुठलाही दरबारी कवी वैभवानंतर काय सांगेल? शत्रू कसे चिरडले, किती देश जिंकले, खंडणी किती आली. या स्तोत्रात एकही लढाई नाही, एकही शत्रुराष्ट्र नाही, सियोन नाही, मंदिर नाही, दाविदाची गादी नाही, 'इस्राएल' हा शब्दसुद्धा मथळ्यापासून शेवटपर्यंत कुठे नाही! ज्यांच्याकडे राजा उरला नाही त्यांनी राजस्तुतीची सगळी जुनी भाषा उचलली, थोरपण, वैभव, पराक्रम, पिढ्यान् पिढ्या, आणि ती अशा राजाला वाहिली की ज्याचा हात घ्यायला येत नाही, द्यायला उघडतो. मला तरी या स्तोत्राचा अर्थ विचारलात तर हा आहे, आणि म्हणूनच याला नुसतं गोड गोड स्तुतिगीत म्हणून वाचलं की मला राग येतो.

13 व्या वचनासारखंच वाक्य दानीएलाच्या पुस्तकात अरामीत आहे, आणि ते कोणाच्या तोंडी घातलंय तर नबुखद्नेस्सरच्या, ज्याने जेरुसलेम जाळलं त्याच्याच. कोणी कोणाचं घेतलं ते सोडा, पण 'राज्य खरं कोणाचं' हा त्या शतकांतला जिव्हाळ्याचा प्रश्न होता हे त्यावरून दिसतं. 8 वं वचन, 'परमेश्वर कृपाळू आणि दयाळू, रागाला मंद', हे तर निर्गममधल्या मोशेच्या प्रसंगातलं आहे, योएल, योना आणि आणखी स्तोत्रांतही ते फिरतं, लोकांना पाठ होतं. नवीन आहे ते त्याला लागून आलेलं 9 वं: तो सर्वांना चांगला, त्याची दया त्याच्या सगळ्या कृतींवर. फक्त आपल्या माणसांवर नाही.

मग 20 व्या वचनात 'सर्व दुष्टांचा तो नाश करील' हे कुठून आलं, असं विद्यार्थी विचारतात. तिथे मी सारवासारव करत नाही. ते आहे. कर्जात बुडालेल्या माणसाला 'देव सगळ्यांना चांगला' एवढंच सांगितलं तर तो विचारेल की मग माझी शेती गिळणाऱ्याचं काय, आणि त्या अर्ध्या ओळीत त्याचं उत्तर आहे, अर्धीच ओळ, पुढे त्यावर रेंगाळलेलं नाही.

रोज तीनदा का? त्याच तालमुदात म्हटलंय की जो हे स्तोत्र दिवसातून तीनदा म्हणेल त्याला येणाऱ्या जगात वाटा नक्की मिळणार, आणि कारण काय तर यात दोन गोष्टी एकत्र आहेत, पूर्ण वर्णमाला (हो, नून नसतानाही!) आणि 'तू आपला हात उघडतोस' हे वचन. तीनदा म्हणजे सकाळ-दुपार-रात्र असं लोक समजतात, तसं नाहीये, सकाळच्या प्रार्थनेत दोनदा आणि दुपारच्या प्रार्थनेच्या सुरुवातीला एकदा. याला 'आश्रे' म्हणतात पण तो शब्द स्तोत्रात नाहीच, म्हणताना आधी 84 आणि 144 मधली 'धन्य ते' ने सुरू होणारी दोन वचनं जोडतात त्यातला तो आहे, आणि शेवटी 115 मधलं एक वचन लावतात. 16 व्या शतकातला योसेफ कारोचा धर्मनियमांचा ग्रंथ तर सांगतो की 'हात उघडतोस' हे लक्ष देऊन म्हटलं नसेल तर परत म्हणायचं. सेफार्दी, म्हणजे मुळात स्पेन-पोर्तुगालकडच्या ज्यूंच्या, पद्धतीत बरेच जण त्या वचनाला तळवे वर करून उघडतात. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंची प्रार्थनाही सेफार्दी वळणाची आहे, पण ती नंतर आलेली. शनवार तेली (शनिवारी काम बंद ठेवणारे तेली) म्हणून रायगडात राहत होते तेव्हा त्यांच्याकडे शेमा, म्हणजे 'हे इस्राएला, ऐक' ही एवढी एकच हिब्रू प्रार्थना टिकून होती असं त्यांची परंपरा सांगते, बाकी पाठ हळूहळू बाहेरून आलेल्या ज्यूंकडून शिकून घेतले, आणि 1796 मध्ये मुंबईत सॅम्युएल दिवेकरांनी पहिलं सिनगॉग बांधलं, ज्याला लोक 'जुनी मशीद' म्हणतात.

ख्रिस्ती परंपरेत याचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात. 'ते देउम' या जुन्या लॅटिन स्तुतिगीतात 'दररोज आम्ही तुला धन्य म्हणतो' ही ओळ इथल्या दुसऱ्या वचनाची आहे, आणि 15-16 ही वचनं मठांमध्ये जेवणाआधी म्हणायची पद्धत होती, ल्यूथरनेही घरच्या जेवणाच्या प्रार्थनेसाठी तीच दिली.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. ग्रीक किंवा लॅटिन परंपरेतलं जुनं कॅथलिक बायबल उघडलंत तर हे स्तोत्र 145 वर मिळणार नाही, 144 वर बघा, कारण त्यांच्याकडे 9 आणि 10 हे एकच स्तोत्र धरलंय आणि पुढचे आकडे एकाने मागे सरकलेत. तिथे नूनची ओळ आहे. आणि वाचायला घ्याल तेव्हा 145 वर थांबू नका, शेवटच्या वचनात 'प्रत्येक देहधारी त्याच्या पवित्र नावाला धन्य म्हणो' असं म्हटल्यावर 146 ते 150 ही पाचही 'हालेलूया'ने सुरू होऊन 'हालेलूया'नेच संपतात, ती एका बैठकीत सलग वाचा, फार तर पंधरा मिनिटं लागतील.